मेन ऑफ-ऑन केलं, चालू झाली

"मॅडम, मेन ऑफ-ऑन केलं, चालू झाली." साइटवरून मेकॅनिकचा असा फोन आला की सोसायटीची तक्रार मिटते, आमच्या सर्व्हिसवाल्यांचं रजिस्टर बंद होतं आणि माझ्या कपाळाला आठी पडते. लिफ्ट का थांबली हे सांगू शकणारी तिथे एकच वस्तू होती, कंट्रोलरचं कार्ड. मेन खाली ओढून त्याची आठवणच पुसलेली असते. पोलीस पंचनाम्याला यायच्या आत कुणी फरशी धुऊन काढावी, तसं.

अंधेरी एमआयडीसीतल्या एका गाळ्यात मी लिफ्टच्या कार्डांचं फर्मवेअर, म्हणजे कार्डावरच्या चिपमध्ये बसणारा प्रोग्राम, लिहिते, आणि लिहिण्यापेक्षा जास्त वेळ ते तपासते. बटण दाबलं, लिफ्ट वर गेली, यात कसला आलाय कॉम्प्युटर, असं घरचेही विचारतात. आत मात्र वेळेचा हिशोब कडक असतो. सेकंदाला 1 मीटर वेगाने येणाऱ्या लिफ्टला वेग कमी करायचा हुकूम 50 मिलिसेकंद उशिरा मिळाला, तर तेवढ्यात ती 5 सेंटिमीटर पुढे गेलेली असते. बाकी हजार वेळा हुकूम वेळेत मिळाला होता, हे तिथे कामाचं नाही. प्रोसेसर किती फास्ट आहे हे मी सहसा विचारतही नाही. सगळी कामं एकदम अंगावर आली तर त्याला जास्तीत जास्त किती वेळ लागेल, तेवढं सांगा.

(घाबरू नका. दाराचं लॉक, टोकाला लिफ्ट थांबवणारा लिमिट स्विच, वेगावर नजर ठेवणारा गव्हर्नर यांची साखळी सॉफ्टवेअरच्या भरवशावर सोडलेली नसते, ती तारांनीच कॉन्टॅक्टरपर्यंत, म्हणजे मोटरची वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचपर्यंत, जाते. ब्रेक स्प्रिंगने लागतो आणि विजेने सुटतो. कार्ड मेलं तर लिफ्ट पडत नाही, अडकते. आत अडकलेल्या आजींना हा फरक पटवणं माझं काम नाही, एवढं नशीब.)

ऑफ-ऑनचा उतारा फक्त आपल्याच मेकॅनिककडे आहे असंही नाही. 2015 मध्ये अमेरिकेच्या एफएएने, म्हणजे तिथल्या विमान वाहतूक नियामकाने, बोइंग 787 विमानांसाठी एक आदेश काढला. जनरेटरचं नियंत्रण करणाऱ्या युनिटना सलग 248 दिवस वीज मिळत राहिली तर आतला एक काउंटर ओसंडतो, म्हणजे मोजता येईल त्या शेवटच्या आकड्याच्या पुढे जातो. चारही युनिट एकाच वेळी चालू केलेली असतील तर चारही एकदम बंद पडून विमानाची एसी वीज जाऊ शकते. सॉफ्टवेअर दुरुस्त होईपर्यंतचा उपाय काय, तर मुदतीच्या आत वीज बंद करून चालू करा! 248 आकडा वाचल्यावर आमच्या धंद्यातला माणूस मनातल्या मनात भागाकार करतो: सेकंदाचे शंभर भाग मोजत गेलं तर 31 बिट बरोबर तेवढ्या दिवसांत भरतात.

पॅट्रियट या अमेरिकेच्या क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणेची गोष्ट मात्र हसण्यासारखी नाही. ती यंत्रणा वेळ सेकंदाच्या दहाव्या भागात मोजायची आणि 0.1 हा आकडा बायनरीत नेमका बसत नाही. 24 बिटांच्या रजिस्टरमध्ये तो किंचित छाटला जायचा. सौदी अरेबियातल्या धाहरानमधली पॅट्रियटची बॅटरी, म्हणजे तिथली तुकडी, 100 तासांहून जास्त सलग चालू होती. तोवर घड्याळ सुमारे 0.34 सेकंद चुकलेलं. स्कड क्षेपणास्त्राच्या वेगाने तेवढ्यात अर्ध्या किलोमीटरहून जास्त अंतर होतं, म्हणून यंत्रणा भलतीकडेच शोधत राहिली. 25 फेब्रुवारी 1991 ला 28 सैनिक गेले. फार वेळ सलग चालवू नका अशी सूचना त्याआधी निघाली होती, पण फार वेळ म्हणजे किती तास, ते त्यात नव्हतं. दुरुस्त सॉफ्टवेअर धाहरानला पोचलं 26 तारखेला.

तेव्हा ऑफ-ऑनने चालू झालेल्या लिफ्टला मी दुरुस्त झालेली मानत नाही. गेल्या पावसाळ्यात दादरच्या एका जुन्या इमारतीतून असेच फोन यायला लागले. कार्ड गाळ्यात आणून टेबलावर लावलं की शहाण्यासारखं चालायचं. जुनं कार्ड असतं तर आम्ही तेच बदलून मोकळे झालो असतो. हे नवं होतं आणि त्यात आम्ही जबानी लिहून ठेवायची सोय केली होती.

सोय साधी आहे. वॉचडॉग म्हणजे चिपमधला एक टायमर. प्रोग्रामने त्याला ठरलेल्या वेळात थोपटलं नाही तर तो अख्खं कार्ड रिसेट करतो. बरेच जण थोपटण्याचं काम टायमरच्या इंटरप्टमध्ये, म्हणजे मुख्य प्रोग्रामला मध्येच थांबवून आपोआप चालणाऱ्या तुकड्यात, टाकून देतात. मग मुख्य प्रोग्राम मरून पडला तरी इंटरप्ट इमानदारीत थोपटत राहतो आणि वॉचडॉगचा उपयोग शून्य. आमच्याकडे प्रत्येक टास्कला, म्हणजे प्रोग्राममधल्या प्रत्येक स्वतंत्र कामाला, हजेरी लावावी लागते. सगळ्यांची हजेरी लागली तरच देखरेख करणारा टास्क थोपटतो. कुणी गैरहजर असेल तर कोण आणि शेवटचा कुठल्या पायरीवर दिसला, हे तो आधी एफरॅम नावाच्या मेमरीत लिहितो आणि मग कार्डाला मरू देतो. एफरॅम यासाठी की वीज गेली तरी त्यातलं जात नाही, आणि फ्लॅश मेमरीसारखं आधी पुसण्यात वेळ घालवावा लागत नाही. कार्ड उठल्यावर पहिलं काम म्हणजे चिपचं रिसेटचं कारण सांगणारं रजिस्टर वाचणं: वीज गेली होती, व्होल्टेज खाली आलं होतं, की वॉचडॉगने मारलं.

दादरच्या कार्डाने सांगितलं: वॉचडॉग, मग पुन्हा वॉचडॉग, अशी रांगच. दर वेळी गैरहजर एकच, मशीन रूमचं तापमान वाचणारा टास्क.

मला लगेच नासाचं पाथफाइंडर यान आठवलं. 4 जुलै 1997 ला ते मंगळावर उतरलं आणि काही दिवसांतच आपलं आपण रिसेट व्हायला लागलं. तिथेही सापडलं ते हवामानाची माहिती गोळा करणारं, खालच्या प्रायॉरिटीचं, म्हणजे रांगेत मागे असलेलं, काम. ते सामायिक माहितीचं एक कुलूप धरून बसायचं, मधल्या प्रायॉरिटीची कामं त्याला पुढे सरकू द्यायची नाहीत आणि त्याच कुलपासाठी वरच्या प्रायॉरिटीचं काम ताटकळायचं. यानातली माहिती वाहून नेणाऱ्या तारांच्या, म्हणजे बसच्या, वेळापत्रकाकडे पाहणाऱ्या टास्कला मुदत चुकलेली दिसायची आणि तो रिसेट द्यायचा. हा प्रकार उड्डाणाआधीही दिसला होता, पण पुन्हा घडवता आला नव्हता. या वेळी नासाच्या जेपीएल प्रयोगशाळेतल्या लोकांनी पृथ्वीवरच्या जुळ्या यंत्रावर ट्रेस चालू ठेवून तो घडवलाच. कुलूप धरणाऱ्याला तेवढ्यापुरती वरची प्रायॉरिटी द्यायची सोय यानाच्या व्हीएक्सवर्क्स या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये होती, फक्त बंद ठेवलेली. ती त्यांनी इथून चालू केली.

आमच्या थर्मामीटरचं दुखणं वेगळं होतं, पण पुन्हा घडवायचं कसं हा प्रश्न तोच. टेबलावर कॉन्टॅक्टरच्या जागी एलईडी लावलेले असतात, आणि एलईडी बंद होताना कुणाला त्रास देत नाही. म्हणून लोहार चाळीतून खरे कॉन्टॅक्टर आणले, दादरच्या पॅनेलसारखेच कॉइलवर स्नबर (सुटतानाचा विजेचा झटका शोषणारा भाग) न लावता, आणि डिमरस्टॅट या व्होल्टेज बदलणाऱ्या यंत्राने व्होल्टेज खालीवर करत ते तडतडवले. पावसात लाइन करते तसंच. सोबत सगळ्या मजल्यांची बटणं रिलेने एकदम दाबायची, सुट्टीतली मुलं दाबतात तशी. मिलिसेकंदाचा 32 बिटी काउंटर 49.7 दिवसांनी ओसंडतो. तेवढं थांबायला वेळ कुणाला आहे, म्हणून तो ओसंडायला थोडाच बाकी असताना सुरू करायचा.

संध्याकाळपर्यंत कार्ड बंद पडलं. ऑसिलोस्कोपवर दिसलं की कॉन्टॅक्टर सुटताना आयस्क्वेअरसीच्या, म्हणजे प्रोसेसर आणि सेन्सर ज्या दोन तारांवर बोलतात त्यांतल्या, क्लॉकवर एक खोटा ठोका उमटतो. सेन्सर एक बिट पुढे जातो आणि डेटाची लाइन खाली धरून पुढच्या ठोक्याची वाट पाहत बसतो. इकडे आमचा टास्क, म्हणजे सेन्सर विकणाऱ्याने दिलेला नमुना कोड, ती लाइन मोकळी व्हायची वाट पाहत बसतो. दोघेही सभ्य! वॉचडॉग प्रोसेसरला रिसेट करतो, पण सेन्सरची वीज गेलेली नसते, त्याला काही कळलेलंच नसतं. तो लाइन धरूनच असतो आणि कार्ड उठून परत अडकतं. मेन ओढलं की सेन्सरही विसरतो. मेकॅनिकला गुण येत होता तो असा.

उपाय जुनाच आहे: उठल्याबरोबर हाताने नऊ ठोके द्यायचे, सेन्सर अर्धवट राहिलेला बाइट संपवून लाइन सोडतो. कॉइलवर स्नबर लावले. मग सगळ्या कोडमध्ये मुदतीशिवाय वाट पाहणाऱ्या जागा शोधल्या. वाटल्या होत्या त्याहून बऱ्याच निघाल्या. एकेकीला मुदत लावत आणली. मोटरचा वेग सांभाळणाऱ्या ड्राइव्हशी बोलणाऱ्या सीरियल लिंकची तेवढी राहिली आहे, कारण ड्राइव्ह पुरवणारे म्हणतात उत्तराला 200 मिलिसेकंद तरी द्या, आणि मी म्हणते तेवढ्यात तुमची लिफ्ट 20 सेंटिमीटर जाते, ती कुणी थांबवायची? त्यांचा इंजिनिअर बुधवारी गाळ्यात येतो म्हणालाय. कॉन्टॅक्टरचा रॅक मी सोडवून ठेवलेला नाही.