बॅलीकॅसलची लॅमस जत्रा

ऑगस्टच्या शेवटच्या सोमवारी पहाटे भाड्याच्या गाडीने आम्ही डब्लिनहून उत्तरेकडे निघालो. आयर्लंडची सीमा ओलांडून उत्तर आयर्लंडमध्ये शिरल्याचे कळते ते केवळ रस्त्यावरच्या पाट्यांवर किलोमीटरच्या जागी मैल दिसू लागतात म्हणून. ना चौकी, ना फाटक. (भारतीय पासपोर्ट असणाऱ्यांनी मात्र आपला व्हिसा दोन्ही बाजूंना चालतो की नाही, हे आधीच पाहून घ्यावे.) खिशातले युरो बदलून ब्रिटिश पौंड घ्यायला हवे होते, हे माझ्या लक्षात आले ते थेट जत्रेत, पहिल्याच पालासमोर युरोची नोट पुढे केल्यावर.

अँट्रिम काउंटीतल्या बॅलीकॅसल या समुद्रकाठच्या गावात सतराव्या शतकापासून ही जत्रा भरते. ‘लॅमस’ हा शब्द पाव आणि चर्चमधली उपासना या अर्थांच्या दोन जुन्या शब्दांच्या जोडातून आला आहे. नव्या गव्हाचा पहिला पाव १ ऑगस्टला चर्चमध्ये अर्पण करण्याची ती प्रथा, आणि तिच्याही आधीपासून त्याच दिवसांत आयर्लंडमध्ये ‘लूनसा’ हा कापणीचा सण होत असे. नव्याच्या पूनवेला दाराला भाताच्या लोंब्या बांधणाऱ्या कोकणी घरातल्या माणसाला हे निराळे समजावून सांगावे लागत नाही. आता सोमवार आणि मंगळवार हे जत्रेचे मुख्य दिवस असतात, आणि खरे सांगायचे तर निम्म्याहून अधिक पालांवर मोजे, पाने-पक्कड आणि मोबाइलची कव्हरेच मांडलेली होती.

खाण्याचा मान मात्र दोनच वस्तूंचा. पहिली डल्स: ओहोटीला खडकांवरून खुडून वाळवलेले जांभळट-तांबडे समुद्री शेवाळ. कागदी पिशवीतून चिमूटभर काढून ते तसेच चघळायचे. आधी नुसते मीठ लागते, मग ते चामड्यासारखे चिवट होते आणि शेवटी सुक्या जवळ्याच्या जवळपास जाणारी चव जिभेवर रेंगाळते. दुसरी यलोमॅन, म्हणजे साखर, पाक आणि लोणी उकळून, त्यात व्हिनेगर व खाण्याचा सोडा घालून फुगवलेली पिवळीधमक, जाळीदार मिठाई, जी विक्रेता हातोडीने फोडून देतो. लहान मुले तिच्यावर तुटून पडतात. माझी मात्र दाढ दुखायला लागली.

मला रमवले ते सोडा फार्लने. युरो नाकारणाऱ्या आजीबाई तव्यावर तेच भाजत होत्या. गव्हाच्या पिठात ताक आणि सोडा घालून मळलेला गोळा थापायचा, त्याचे चार भाग करायचे आणि कोरड्या तव्यावर दोन्ही अंगांनी शेकायचे. तिथल्या दमट हवेतल्या मऊ गव्हाला चिकटपणा कमी, त्यामुळे यीस्टने तो नीट फुगत नाही, म्हणून ही ताक-सोड्याची युक्ती रूढ झाली. सोबतच्या मित्राने पौंड उसने दिले, तेव्हा कुठे लोणी माखलेला गरम फार्ल हातात पडला, आणि मग मी आणखी दोन घेतले.

दुपारी एका बाजूच्या रस्त्यावर घोड्यांचा सौदा पाहिला. आपल्या गुरांच्या बाजारात रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरतो आणि शेजारी उभ्या असलेल्यालाही आकडा कळत नाही. इथे सगळे उघड्यावर! विकणारा हात पुढे करतो, घेणारा त्यावर सणकून टाळी मारून आपला भाव सांगतो, पहिला मान हलवून नकार देतो, आणि मध्येच तिसराच कोणी दोघांची मनगटे धरून हात जुळवायला बघतो. एका तपकिरी शिंगरासाठी टाळ्या वाजता वाजता दोघांचेही तळवे लाल झाले होते. सौदा पटल्यावर विकणाऱ्याने काही पैसे शकुनाचे म्हणून घेणाऱ्याला परत दिले. त्याला ‘लक पेनी’ म्हणतात.

संध्याकाळी समोर रॅथलिन बेट आणि क्षितिजावर स्कॉटलंडची पुसट रेघ दिसत असताना डल्सच्या चार पिशव्या डिकीत टाकून आम्ही परतलो. काचा उघड्या ठेवूनही डब्लिनपर्यंत गाडीत सुक्या मासळीच्या बाजारासारखा वास कोंडून राहिला होता. सकाळी किल्ली परत घेणाऱ्या मुलाने दार उघडले, नाक वर केले आणि एवढेच विचारले, “डल्स?”