मोठा अ‍ॅलिगेटर: ‘संपला’ म्हणायची घाई नको

अमेरिकेतल्या अ‍ॅलिगेटरच्या, म्हणजे मगरीच्या जवळच्या नातलगाच्या, शिकारीत त्याला दोर लागेपर्यंत बोटीतले सगळेच सावध असतात. गडबड होते ती नंतर, ‘झालं, संपला’ असं कुणीतरी म्हणतं आणि बाकीचे सैलावतात तेव्हा. बारा फुटांच्या वरचा नर इतका चिवट असतो की गोळी खाऊन निपचित पडलेला, बोटीत ओढून घेतलेला प्राणीही पुन्हा शुद्धीवर येऊ शकतो. अशा वेळी सोळा फुटी बोटीत मागे सरकायला जागा नसते. त्यामुळे इथे शिकार करावी कशी यापेक्षा ती पुरी झाली हे ओळखावं कसं, यावरच जास्त भर आहे.

आधी नियम, कारण पद्धत त्यांच्यावरूनच ठरते. अमेरिकेत 1967 साली हा प्राणी धोक्यात असलेल्यांच्या यादीत गेला आणि 1987 मध्ये तो पूर्ण सावरल्याचं जाहीर झालं. लुइझियानात त्याआधीच, 1972 पासून, नियंत्रित शिकार सुरू झाली होती. फ्लोरिडाचा सार्वजनिक हंगाम 1988 पासूनचा. फ्लोरिडात हंगाम 15 ऑगस्ट ते 1 नोव्हेंबर. परमिट सोडतीने मिळतं, त्यावर दोन टॅग (मारलेल्या प्राण्याला अडकवायच्या खुणेच्या पट्ट्या), म्हणजे दोनच प्राणी. तिथे बंदूक चालत नाही. हार्पून (दोर बांधलेला भाला), गळ, फास, धनुष्य यांपैकी कशाने तरी आधी प्राणी हातातल्या दोराला लावायचा आणि मगच बँगस्टिक, म्हणजे टोकाला काडतूस बसवलेली काठी, वापरायची. मिसिसिपीतही आधी जिवंत धरून फासात घ्यावा लागतो, त्यानंतर बारीक छऱ्यांची शॉटगन किंवा बँगस्टिक. लुइझियानाची तऱ्हा वेगळी: पाण्यावर टांगलेल्या गळाला कोंबडीचा तुकडा लावून ठेवतात, रोज फेरी मारतात आणि गळाला लागलेल्याला बंदुकीने मारतात. रात्रीची शिकार तिथे बंद.

मोकळ्या अ‍ॅलिगेटरवर लांबून गोळी का झाडू देत नाहीत, असा प्रश्न नवखे विचारतात. मेलेला अ‍ॅलिगेटर बुडतो, हे पहिलं कारण. दोर नसेल तर गढूळ पाण्यात तो सापडत नाही, आणि जखमी झाला असेल तर कुठेतरी वेतात जाऊन पडतो. गोळी पाण्यावरून किंवा कवटीच्या हाडावरून उसळून भलतीकडे जाते, हे दुसरं. दोर आधी हा नियम जाचक वाटतो खरा, पण तो प्राण्याच्याही भल्याचा आहे.

आता चिवटपणाबद्दल. पाठीवरच्या खवल्यांखाली हाडाच्या ढाली असतात. हार्पून तिथे लागला तर खणकन आवाज होऊन घसरतो. कवटी जाड, आणि त्या अवजड डोक्यात मेंदू जेमतेम काही ग्रॅमचा. म्हणजे डोकं दोन फुटांचं असलं तरी निशाणा नाण्याएवढाच. हृदय चार कप्प्यांचं. पाण्याखाली असताना फुप्फुसांकडे जाणारं रक्त तो वळवू शकतो. कोमट पाण्यात तो अर्धा तास सहज खाली राहतो, स्वस्थ असेल तर तासाच्या वर, थंडीत त्याहूनही जास्त. झुंजताना मात्र त्याचे स्नायू मुख्यतः ऑक्सिजनशिवाय चालतात. त्यामुळे पहिली काही मिनिटं जोर भयंकर, मग रक्तात आम्ल साचत जातं आणि तो ढेपाळतो. ते आम्ल निवळायला कित्येक तास लागतात. मोठ्या जनावराकडे या बिनऑक्सिजनच्या ताकदीचा साठा लहानापेक्षा जास्त असतो. आठ फुटी लवकर दमतो. तेरा फुटी दमल्यासारखा दिसतो, तळाशी जाऊन बसतो आणि पुन्हा उसळतो. पाय तुटलेले, शेपटीचं टोक गेलेले, जबडा वाकडा झालेले नर दलदलीच्या घाण पाण्यात वर्षानुवर्षं ठणठणीत जगतात. त्यांच्या रक्तातल्या जंतुनाशक प्रथिनांवर शास्त्रज्ञांचं संशोधन चालू आहे ते उगीच नाही.

चावण्याचं बळ मोजलं गेलंय: रानातल्या एका मोठ्या अ‍ॅलिगेटरचं 2,125 पौंड. तोंड उघडणारे स्नायू मात्र अगदी दुबळे, म्हणून इलेक्ट्रिकल टेपच्या काही वेढ्यांनी जबडा बंद राहतो. लोक जबड्याकडेच बघत बसतात आणि शेपटीचा फटका विसरतात. तो घोटा मोडू शकतो किंवा माणसाला सरळ पाण्यात फेकू शकतो.

लांबीचा अंदाज घ्यायची जुनी रीत आहे: डोळ्यांपासून नाकपुड्यांपर्यंत जितके इंच, ढोबळमानाने तितके फूट. रात्री टॉर्चच्या उजेडात डोळे लाल चमकतात, पण फक्त चमक बघून आकार सांगता येत नाही. अंतर कमी करावंच लागतं, आणि म्हातारा नर तिथेच दगा देतो. तो बोटीला ओळखतो, हलकेच खाली जातो. इंजिन बंद करून, वल्ह्याने किंवा ट्रोलिंग मोटरने (विजेवरच्या छोट्या, बिनआवाजाच्या मोटरने), डोळ्यावर सतत झोत न मारता जायचं. लांबीवरून वजनाचा भरवसा मात्र धरू नये. अलाबामात 2014 साली मारलेला 15 फूट 9 इंचांचा अ‍ॅलिगेटर 1,011.5 पौंड भरला. मिसिसिपीतला 2023 चा विक्रमी 14 फूट 3 इंच, 802.5 पौंड. आणि फ्लोरिडातल्या ऑरेंज लेकमधला 13 फूट 10.5 इंचांचा, म्हणजे दोघांहून आखूड, चक्क 1,043 पौंडांचा. बोट, दोर आणि माणसं ठरवायची ती वजनाच्या हिशेबाने.

पहिला दोर बहुधा गळाचा असतो. सात-आठ फुटी दणकट रॉड, 80 पौंडांचा ताण सोसणारी किंवा त्याहून मजबूत ब्रेडेड लाइन (विणलेली दोरी) आणि शिसं भरलेला तीन काट्यांचा मोठा गळ. प्राणी बुडाला की त्याच्या बुडबुड्यांच्या रेषेवरून पलीकडे फेकायचा आणि सावकाश ओढायचा. जड, मऊ काहीतरी अडकल्यासारखं लागलं की हिसका. पण गळ फक्त ‘तो कुठे आहे’ हे सांगण्यापुरता आहे, त्याच्यावर मोठा नर आणायचा हट्ट धरला की काटा सरळ होतो. गळाच्या लाइनचा ताण ठेवून बोट त्याच्या वर न्यायची, तो श्वासाला वर आला की हार्पून.

हार्पूनचं टोक काठीपासून सुटणारं असावं, त्याला थोडी स्टीलची तार आणि पुढे नायलॉनचा जाड दोर. दोर पाण्याच्या खोलीपेक्षा चांगला लांब, टोकाला बोया. मारायचं ते मानेच्या बाजूला, जबड्याच्या मागे, किंवा कुशीत, जिथे कातडी मऊ आहे. पाठीवर कधीच नाही. मारल्या क्षणी दोर सोडून द्यायचा. हाताला वेढा देणं हा बोटं गमावण्याचा सरळ रस्ता, आणि दोर बोटीच्या कडेला बांधणं म्हणजे लहान बोटीत उलटण्याला आमंत्रण. दोराची वळकटी टबमध्ये नीट, आणि त्या टबाजवळ कुणाचाही पाय नाही. बोया धावू दे, तळाशी बसला तर बसू दे.

मग तो गरागरा लोळतो. प्रत्येक लोळणीबरोबर दोर त्याच्या अंगाभोवती गुंडाळला जातो, टोकावरचा ताण बदलतो आणि आतलं टोक फिरून सैल होतं. म्हणून दुसरा हार्पून पहिला पक्का असतानाच, अंगाच्या दुसऱ्या बाजूला. एका दोरावर मोठा नर बोटीजवळ आणणं निव्वळ उतावीळपणा. दोन दोर लागले की वाट बघायची. अर्धा तास, तास, काय लागेल ते. तो वर येताना शांत असेल, शेपूट सैल असेल, तेव्हाच जवळ ओढायचा.

बँगस्टिक म्हणजे काठीच्या टोकाला एक काडतूस, बहुतेकांकडे .44 किंवा .357 मॅग्नम, दाब पडला की उडतं. काडतुसाच्या प्रायमरभोवती (बुडाशी ठिणगी देणाऱ्या टोपीभोवती) नेलपॉलिशचा थर द्यावा, नाहीतर ओलसर होऊन ऐन वेळी फुसकं निघतं. सेफ्टी पिन शेवटच्या क्षणापर्यंत काढायची नाही, आणि पिन काढल्यावर काठीच्या रोखात कुणीही उभं नको. जागा एकच: डोक्यावरची सपाट हाडाची पाटी जिथे संपते तिच्या लगेच मागे, बरोबर मध्यावर, रोख नाकाच्या दिशेला तिरपा. सरळ खाली मारलं तर मानेच्या मांसात जातं, मेंदू शाबूत राहतो. डोक्यावरून मारलं तर हाड अडवतं. उडवताना टोक पाण्याखाली असावं, म्हणजे तुकडे उडत नाहीत आणि आवाजही दबतो. हळू टेकवून मग ढकलू नये. एका सरळ, ठाम धक्क्यात.

इथे नव्वद टक्के काम झाल्यासारखं वाटतं, आणि टाळ्या इथेच वाजतात. पण गोळी जवळून गेली तरी धक्क्याने तो नुसता बेशुद्ध होऊ शकतो. म्हणून लांब काठीने बुबुळाला स्पर्श करायचा. पापणी हलली तर दुसरं काडतूस, विचार न करता. हलली नाही तरी डोकं पाण्याच्या कडेला धरूनच जबड्यावर आधी फास, मग टेपचे वेढे, भरपूर. त्यानंतर पाटीमागे सुऱ्याने मज्जारज्जू तोडायचा आणि त्या छेदातून बारीक सळई पुढे कवटीत घालून मेंदू नष्ट करायचा. वाचायला किळसवाणं आहे, पण याच्यामुळे प्राणी अर्धमेला पडून राहत नाही. हे टाळणारा माणूस हळवा नाही, आळशी आहे.

एवढं करूनही शेपूट हलते, पाय आखडतात, आणि तुटलेल्या डोक्याचा जबडाही स्पर्शाने मिटू शकतो. त्याचे स्नायू थोड्या ऑक्सिजनवर फार वेळ तग धरतात, त्यामुळे या हालचालीला जिवंतपणा समजायचं कारण नाही. पण दात तेच असतात, म्हणून टेप सोलायच्या टेबलापर्यंत काढायची नाही.

प्राणी मारल्यावर लगेच टॅग लावायचा, शेपटीच्या टोकापासून सहा इंचांच्या आत, कातडीतून आरपार. फ्लोरिडात शिकारीचा अहवाल 24 तासांत द्यावा लागतो. बोटीत घेताना सगळ्यांनी एकाच बाजूला जाऊ नये. आधी डोकं आणि पुढचे पाय कडेवर, मग लोळवत बाकीचं धड. आठशे पौंडांचा असेल तर वर घेण्याचा नादच सोडावा आणि बाजूला बांधून हळू किनाऱ्याला न्यावा. अलाबामाच्या त्या अ‍ॅलिगेटरला उचलताना विंचच (दोर गुंडाळून ओढायचं यंत्र) मोडली होती, मग बॅकहो (माती खणायचं यंत्र) आणावा लागला. उन्हाळी रात्र असते, मांस आणि कातडी दोन्ही झटकन बिघडतात. पोटाची कातडी सगळ्यात मोलाची, आणि तिथलेच खवले आधी सुटायला लागतात. म्हणून बर्फ किनाऱ्यावर आधीच तयार हवा, आणि वाटतो त्याच्या दुप्पट.