‘दूध’ तीस सेकंद: नकोशा विचारापासून सुटं होण्याचा सराव

विवेकनिष्ठ विचारपद्धती, म्हणजे आरईबीटी, मराठी वाचकांना नवी नाही. मानसोपचारक कि. मो. फडके यांनी ती इथे रुजवली. तिच्यात विचाराची उलटतपासणी होते: पुरावा काय, ‘झालंच पाहिजे’मधला ‘च’ कशासाठी? अनेकांना ती लागू पडते. पण पहाटे तीनला जाग येऊन ‘मी कशातच टिकणार नाही’ हा विचार छातीवर बसला की उलटतपासणी उजाडेपर्यंत चालते आणि निकाल काही लागत नाही. अशा वेळी मला अ‍ॅक्टची वाट जास्त उपयोगाची वाटते. स्टीव्हन हेज आणि सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकापासून ही स्वीकारावर आधारलेली मानसोपचारपद्धती (अ‍ॅक्सेप्टन्स अँड कमिटमेंट थेरपी) घडवली. इथे विचार खरा की खोटा हा वाद नसतो. तो मनात असताना आपण काय करतो, एवढंच पाहायचं.

विचार हाकलून का लावू नये? मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर यांच्या १९८७च्या प्रयोगात विद्यार्थ्यांना पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार टाळायला सांगितलं होतं. तो आला की घंटी वाजवायची. घंट्या वाजतच राहिल्या. पुढे तोच विचार करायची मोकळीक दिली, तेव्हा आधी दाबून ठेवणाऱ्यांना तो इतरांपेक्षा जास्त वेळा आला.

आता सराव. ‘दूध’ हा शब्द मोठ्याने, भराभर, वीस ते तीस सेकंद म्हणत राहा. आधी पांढरा रंग, साय, वास आठवतो. हळूहळू अर्थ गळतो आणि नुसता ‘दूधदूध’ आवाज उरतो. मग मनाला टोचणारा एकच शब्द घ्या, ‘नालायक’ किंवा ‘ओझं’, आणि तेच करा. पूर्ण वाक्य घेऊ नका, अर्थ गळत नाही. कुणाच्या मृत्यूचं दुःख ताजं असेल तर हा प्रकार नको. तिथे तो थट्टेसारखा लागतो.

दुसरी रीत शांत आहे. ‘मी बिनकामाचा आहे’ याऐवजी ‘मी बिनकामाचा आहे, असा विचार मला आलाय’ म्हणा. मग आणखी एक पाऊल मागे: ‘असा विचार आलाय, हे माझ्या लक्षात येतंय.’ प्रत्येक वाक्यानंतर एक सावकाश श्वास. मराठीत हे सोपं जातं. राग, रडू, कंटाळा आपल्याकडे ‘येतात’च.

भावनेसाठी वेगळं काम लागतं. पाय जमिनीला टेकवून, डोळे उघडे ठेवून बसा. ती शरीरात कुठे आहे ते शोधा: घसा, छाती, पोट. तिची कड कुठे संपते, गरम आहे की गार, हलते की थिजलीय? तिच्याभोवती जागा होतेय असा श्वास घ्या. दोन-तीन मिनिटं पुरेत. शेवटी भीती किती ते मोजू नका. ‘मी तिच्याशी किती झगडतोय’ याला ० ते १० अंक द्या.

बहुतेकांचं इथेच फसतं. ‘स्वीकार केला, तरी भीती गेली नाही’ ही तक्रार सर्रास ऐकू येते. भीती जावी म्हणून केलेला स्वीकार हा झगडाच असतो. सुरुवातीला भावना थोडी वाढूही शकते. म्हणून पहिले आठ-दहा दिवस १०पैकी ३-४ तीव्रतेच्या प्रसंगांवरच सराव करावा: न आलेलं उत्तर, सासूबाईंचा एक शब्द. सगळ्यात मोठं दुःख आधी उकरू नये.

आणि स्वीकार भावनेचा, परिस्थितीचा नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने याच पद्धतीवर पाच सत्रांचा कार्यक्रम बनवला आणि युगांडातल्या दक्षिण सुदानी निर्वासित स्त्रियांसोबत तो तपासला. त्यांचा मानसिक त्रास कमी झाला. युद्ध मान्य करा असं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. घरात मारहाण होत असेल तर तिथे हवी सुटका आणि मदत. ‘जुळवून घे’ या सल्ल्याला स्वीकार हे नाव देणं मला अक्षम्य वाटतं.

झगडा सैल झाला की लगेच हातांना काम द्यावं, नाहीतर हा सराव नुसता बसून राहण्याचा होतो. एक कसोटी फार कामाची आहे: मेलेला माणूस जे आपल्यापेक्षा चांगलं करेल, ते ध्येय घेऊ नये. ‘घाबरायचं नाही’, ‘ओरडायचं नाही’ यात मृतदेह कायम जिंकतो. ‘मुलाशी प्रेमाने वागणं’ ही दिशा. तिच्यातून २४ तासांत करता येईल असं दहा मिनिटांचं काम काढा. उदाहरणार्थ, आज जेवताना फोन दुसऱ्या खोलीत ठेवून त्याचं ऐकणं. धडधड सोबत असली तरी चालेल.

जुन्या आघाताच्या आठवणी अंगावर येत असतील तर शरीराचा सराव समुपदेशकासोबतच करा. चालू औषधं आपल्या मनाने थांबवू नका. जीव द्यावासा वाटत असेल तर यातलं काहीही करत बसू नका. जवळच्या माणसाला लगेच सांगा आणि टेली-मानस या सरकारी मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करा. तो मोफत आहे, रात्रीही उचलला जातो आणि मराठीत बोलता येतं.