चौऱ्याहत्तर किलोंचा रकाना

मालवणात आमची शेड आहे. मोडीत निघालेली मासेमारीची जाळी आम्ही विकत घेतो, साफ करतो, प्रकार वेगळे करतो आणि गठ्ठे बांधून पुढे पाठवतो. पुढे त्यांचं पुन्हा सूत होतं आणि त्या सुताचे पोहण्याचे कपडे, जॅकेटं, पिशव्या होतात. नऊ बायका, एक वजनकाटा आणि आबा, एवढंच मनुष्यबळ. आबांनी उभा जन्म तांडेलकी केली, म्हणजे होडी चालवली. त्या दिवसाला आता काही महिने लोटले, पण माझा विचार अजून एकदा आबांच्या बाजूला जातो आणि एकदा त्या नऊ जणींतल्या वयनीच्या.

लोकांना वाटतं, आम्ही जाळी समुद्रातून ओढून काढतो. तसं नाही. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना बंदी असते. त्या दोन महिन्यांत जाळी दुरुस्त होतात आणि जी दुरुस्तीपलीकडे गेली ती माळ्यावर, पडवीच्या कोपऱ्यात, माडाच्या बुंध्याशी जाऊन पडतात. आमचा माल तिथला. आम्ही उचलली नाहीत तर ती जाळली तरी जातात, नाहीतर खाडीत तरी जातात.

खरं काम निवडण्याचं. वावरीचं, म्हणजे मासे फासात अडकवणारं जाळं नायलॉनचं, ट्रॉलरचं बहुतेक एचडीपीईचं, दोर पीपीचे; ही दोन्ही प्लॅस्टिकचीच नावं. आधी बोये कापायचे, मग शिसं. शिशाला हातमोज्यांशिवाय हात लावायचा नाही, हा नियम मी कोणालाही मोडू देत नाही. मग बादली. नायलॉन पाण्याहून जड, ते बुडतं. एचडीपीई आणि पीपी तरंगतात. पण गाठींत हवा अडकली की नायलॉनही वर राहतं, म्हणून पाण्यात साबणाचे दोन थेंब टाकायचे आणि तुकडा बोटांनी चुरायचा. तरी शंका असेल तर काडी लावायची. एचडीपीईला मेणबत्ती विझल्यावर येतो तसा वास येतो. नायलॉनला तो येत नाही, टोकाला टणक गोळी होते. आबांना बादलीही लागत नाही. "हाताक कळता," एवढंच सांगतात. मला ते शिकायला दोन वर्षं लागली.

एवढं काटेकोर का, तर नायलॉन-६ या प्रकारचं नायलॉन रासायनिक प्रक्रियेनं मोडता येतं. त्याचं परत कॅप्रोलॅक्टम होतं, म्हणजे ते ज्यापासून बनलं तेच, आणि त्यातून नव्यासारखं नायलॉन करता येतं. अ‍ॅक्वाफिल ही इटालियन कंपनी स्लोव्हेनियात ल्युब्लियानाला २०११ पासून हे करते. त्या सुताचं नाव इकोनिल. प्राडा या बड्या फॅशन ब्रँडनं २०१९ मध्ये आपलं नायलॉन त्यावर नेण्याचं जाहीर केलं, तेव्हापासून जुन्या जाळ्यांना फॅशनच्या जगात मान आला. गठ्ठ्यात पीपीचा दोर राहिला की मात्र सगळा गठ्ठा परत येतो. वजन वाढावं म्हणून मुद्दाम दोर घालणारे भंगारवाले मी पाहिलेत. या धंद्याचं नाव त्यांनीच घालवलंय.

त्या दिवशी एका कपड्यांच्या ब्रँडच्या खरेदी विभागाचे गृहस्थ आले. सोबत कॅमेरावाली दोन मुलं. सौजन्यानं वागणारी माणसं होती, हे आधीच सांगते. बायकांनी निवडताना चित्रीकरण झालं, मी बादली दाखवली, सगळ्यांना आवडली. मग एक मुलगा म्हणाला, "मॅडम, यातलं थोडं जाळं जेटीवरून पाण्यात टाकून परत ओढून काढता येईल का? समुद्रातून येतंय असं दिसायला हवं."

मी काही बोलायच्या आत आबा उठले. "बोये कापलेत. ह्या जाळा खाली बसतला. काढतलो कोण?"

तो मुलगा हसला; हा नकार आहे हेच त्याला कळलं नाही. पण आबा अक्षरशः खरं बोलत होते. बोये नसलेलं नायलॉन तळाशी खडकांत अडकलं की सुटत नाही. इथल्या समुद्राचा २९ चौरस किलोमीटरहून मोठा पट्टा १९८७ पासून अभयारण्य आहे, खाली प्रवाळ आहेत. चित्रीकरण झालं नाही.

जेवणानंतर कागद निघाला. लॉट १,८६० किलो. उगमाच्या रकान्यात आधीच छापलेलं: 'समुद्रातून बाहेर काढलेली जाळी'. खाली माझ्या सहीची जागा.

मी रजिस्टर उघडलं. त्या लॉटमध्ये समुद्रातून आलेलं होतं चौऱ्याहत्तर किलो. काही रापणीत, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्यात, ओढून आलेलं, काही कासव सोडवताना कापलेल्या जाळ्यांचं. कासव किंवा डॉल्फिन अडकलं तर जाळं कापून सोडणाऱ्या मच्छीमाराला राज्य सरकार २५,००० रुपयांपर्यंत भरपाई देतं. ते कापलेलं जाळं मग आमच्याकडे येतं. बाकी सगळं माळ्यावरचं. मी म्हटलं, 'समुद्रात जाण्याआधी अडवलेली' असं लिहा, मी आत्ता सही करते. ते म्हणाले, कपड्याच्या टॅगवर तसं बसत नाही.

मला याचा राग अजून आहे. वर्षानुवर्षं समुद्रात राहिलेलं जाळं कच्चा माल म्हणून वाईट असतं: उन्हानं ठिसूळ, वाळूनं भरलेलं, शिंपले धरलेलं. चांगलं सूत माळ्यावरच्या जाळ्याचंच होतं, आणि ते बुडण्याआधी उचलणं हेच तर आमचं काम. पण कपडे घेणाऱ्यांना बुडालेल्या जाळ्याची गोष्ट लागते.

मी त्यांना आठवण दिली की ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं पर्यावरणाच्या फसव्या दाव्यांविरुद्ध मार्गदर्शक सूचना काढल्यात. दावा केला तर पुरावा हवा. ते शांतपणे म्हणाले, "म्हणूनच तर तुमची सही हवी आहे."

मी छापील ओळ खोडली, ७४ आणि १,७८६ असे दोन आकडे लिहिले आणि सही केली. त्यांनी कागद घेतला. आठवड्यानं निरोप आला की लॉट नको, आणि वर्षभराच्या खरेदीचं जे बोलणं झालं होतं तेही राहू द्या.

तो माल जुन्या गिऱ्हाईकाला किलोमागे अकरा रुपये कमी घेऊन दिला. पुढचे दोन महिने बायकांना आठवड्यातून तीनच दिवस काम देता आलं. वयनी सगळ्यांसमोर म्हणाली, "एक सही करूक काय जाता तुझा?" तिच्या मुलाची कॉलेजची फी भरायची होती. मी तिला टॅगचं, पुराव्याचं सांगायला लागले आणि मध्येच थांबले. जॅकेट घालणारं माणूस तिनं पाहिलेलं नाही, फीची तारीख मात्र तिच्या डोक्यात होती. टॅगच्या शब्दांवर मी आणखी थोडी ताणून धरायला हवं होतं का, एखादा तिसरा शब्द सापडला असता का, हे मला रात्री सुचत राहतं. आबा यावर काही बोलत नाहीत.

उगमाचा रकाना आता वजन करतानाच भरतो, आणि तो वयनीकडे दिला आहे. परवा चिवल्याच्या किनाऱ्यावरून एक पोरगा जाळं घेऊन आला. भरतीच्या रेषेवर, अर्धं वाळूत रुतलेलं. वयनीनं काट्यावर टाकलं, पेन उचललं आणि माझ्याकडे बघितलं. "ह्या खंय लिवू?"

मी जाळं हातात घेतलं. ओलं होतं. एका बाजूला शिंपले धरले होते, दुसरी बाजू कोरी.