वेरूळ बघायचं तर दिवस वेरूळलाच द्यावा

दिवाळीच्या सुट्टीत आई आणि मी परभणीहून दादाकडे छत्रपती संभाजीनगरला (औरंगाबादला), सिडकोत आलो की वेरूळचा विषय निघतोच. या वेळी वहिनीनं मोबाईलवर एका ट्रॅव्हल्सवाल्याचं पत्रक दाखवलं. सकाळी आठला निघायचं, दौलताबाद, भद्रा मारुती, घृष्णेश्वर, वेरूळ, येताना बीबी का मकबरा आणि पाणचक्की, सातच्या आत घरी. पैसे काही फार नव्हते. गाडी एसी होती. फक्त वेरूळच्या पुढं लिहिलं होतं, ‘दीड तास’.

मी भूगोल शिकवते. शाळेच्या सहलींसोबत वेरूळला गेलेय आणि दीड तासात तिथं काय होतं ते डोळ्यांनी पाहिलंय. लेकरं कैलासच्या अंगणात शिरतात, हत्तीजवळ फोटो काढतात, तोवर बसवाल्याचा फोन येतो. मग ज्यांनी आयुष्यात पहिल्यांदा असं काही पाहिलं, त्यांना हाताला धरून ओढत बाहेर काढावं लागतं. म्हणून मी हट्टच धरला. दौलताबाद पुन्हा कधी, मकबरा पुन्हा कधी. एक दिवस फक्त वेरूळ.

दादाचं म्हणणं होतं, एवढं लांब आलोय तर सगळंच उरकून घेऊ. आई पंच्याहत्तरीच्या पुढची, परत येणं होईल न होईल. पण आईच म्हणाली, “मला काही समदं बघायचं नाही. जे बघीन ते बसून बघीन.” विषय संपला.

ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी आधी थोडा हिशोब सांगते. वेरूळला क्रमांक दिलेली 34 लेणी आहेत आणि ती साधारण दोन किलोमीटरच्या डोंगरकडेला पसरलीत. 1 ते 12 बौद्ध, 13 ते 29 हिंदू, 30 ते 34 जैन. सोळावं म्हणजे कैलास. सगळी एका दिवसात बघता येतात असं सांगणारे भेटतील. चालून होतात, बघून होत नाहीत. आम्ही निवडली ती 32, 29, 16, 12 आणि 10. तीन धर्मांची आणि पाच अगदी वेगळ्या तऱ्हांची. वाटेत जे दिसेल ते वरकड. आणि हो, वेरूळ मंगळवारी बंद असतं. हे पाठच करून ठेवा, कारण फाटकापर्यंत येऊन परत फिरणारी माणसं दर मंगळवारी दिसतात.

गाडी आम्ही केलीच नाही. मध्यवर्ती बसस्थानकावरून कन्नडकडे जाणारी एसटी वेरूळवरून जाते, अंतर तीस किलोमीटरच्या आसपास. 2023 पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे आणि पंच्याहत्तरीच्या पुढच्यांना 2022 पासून तिकीटच नाही. आईनं आधारकार्ड पदराच्या गाठीतून काढून कंडक्टरला दाखवलं. गाडीभाड्याचे जे पैसे वाचले ते मी गाईडसाठी बाजूला ठेवले. माझं ठाम मत आहे की वेरूळला पैसे खर्च करायचेच असतील तर सीटवर नको, सोबतच्या माणसावर करावेत.

रस्त्यात दौलताबादचा किल्ला आला तेव्हा ओंकारला, म्हणजे भाच्याला, एक गोष्ट सांगितली. 1934 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर सहकाऱ्यांसोबत याच वाटेनं वेरूळची बौद्ध लेणी बघायला निघाले होते. किल्ला बघायला म्हणून थांबले, प्रवासाच्या धुळीनं भरलेले हातपाय किल्ल्याच्या दाराजवळच्या हौदात धुतले, आणि अस्पृश्यांनी पाणी बाटवलं म्हणून लोक अंगावर धावून आले. त्याच बाबासाहेबांच्या पुढाकारानं 1950 मध्ये याच शहरात मिलिंद महाविद्यालय उभं राहिलं. ओंकार नववीत आहे. तो बराच वेळ खिडकीतून किल्ल्याकडे बघत राहिला, मग म्हणाला, “आत्या, तो हौद अजून आहे का?” दौलताबादला वेगळा दिवस का द्यायचा, याचं माझ्याकडं हेही एक कारण आहे.

आता गाईडचं. तिकीट खिडकीच्या बाहेर बरेच जण विचारत येतात. पर्यटन मंत्रालयाचा परवाना गळ्यात असलेलाच माणूस घ्यावा हे तर झालंच, पण परवाना सगळ्यांकडं सारखाच असतो. निवड करायची कशी? मी प्रत्येकाला एकच विचारलं, “आमच्याकडं पूर्ण दिवस आहे, तुम्ही काय दाखवाल?” पहिले म्हणाले, दोन तासांत सगळं करून देतो. दुसऱ्यांनी लगेच कैलासच्या शिखराची उंची सांगायला सुरुवात केली. तिसरे गृहस्थ वयस्कर होते. त्यांनी उत्तरच दिलं नाही, आईकडे बघून विचारलं, “माय, गुडघे कसे हायेत?” मग म्हणाले, सकाळी उत्तरेच्या टोकाला जाऊ, तिथून उतरत उतरत दक्षिणेकडे येऊ, दहा नंबर शेवटी. मी विचारलं, शेवटी का? “उजेड तवाच आत येतो ना ताई.”

तिथंच ठरलं. वेरूळची बहुतेक लेणी पश्चिमेकडे तोंड करून आहेत. सकाळी डोंगराची सावली त्यांच्यावरच पडलेली असते, आणि दुपार कलली की ऊन पायऱ्या चढून आत शिरतं. एक नंबरपासून सुरू करणारे सकाळी अंधारात बुद्ध बघतात. नंबर इंग्रजांच्या काळात दक्षिणेकडून ओळीनं टाकलेत, म्हणून आपणही त्याच ओळीनं चालावं असं काही नाही.

आवारात उत्तरेकडे नेणारी गाडी मिळते, आईला घेऊन तिनं गेलो. बत्तीसावं लेणं, इंद्रसभा. खालच्या अंगणात एकसंध दगडाचं छोटं मंदिर, बाजूला हत्ती. वरच्या मजल्यावर चढायला आईला वेळ लागला, पण गाईडकाका एकेका पायरीवर तिच्यासोबत थांबले. वर अंबिका आहे. आंब्याच्या झाडाखाली बसलेली, खाली सिंह. काकांनी बॅटरी सरळ न मारता कडेनं धरली आणि झाड जिवंत झालं. पानं वेगळी, आंबे वेगळे, घोस खाली ओथंबलेले, फांद्यांत पक्षी. आमच्या शेताच्या बांधावर गावरान आंब्याची झाडं होती, आईचं निम्मं आयुष्य त्या सावलीत गेलं. ती मूर्तीच्या पुढं मांडी घालून बसली आणि आंबे मोजायला लागली. खरंच मोजले तिनं. कुणी घाई केली नाही. ट्रॅव्हल्सच्या गाडीत असतो तर ही पाच-दहा मिनिटं आम्हाला कुणी दिली नसती, आणि या पाच-दहा मिनिटांसाठीच तर आलो होतो.

तिथंच बाहुबली आहे. तपात उभ्या माणसाच्या पायांवर वेली चढल्यात. किती काळ हलला नाही हे सांगायला शिल्पकारानं वेल वापरली.

एकोणतीस नंबर, धुमार लेणं, प्रचंड आहे आणि घारापुरीच्या लेण्याशी त्याची ठेवण जुळते. पायऱ्यांवर सिंह आहेत. बाजूलाच येळगंगेची धार पडते, पावसाळ्यात जोरात, आम्ही गेलो तेव्हा बारीक झाली होती. शिवपार्वतीच्या लग्नाचा देखावा बघितला आणि पुढं निघालो.

मग कैलास. आठव्या शतकातला, राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात मुख्य काम झालेला. हे मी वर्गात फळ्यावर लिहिते, पण तिथं उभं राहून लेकरांना जे कळतं ते फळ्यावर कळत नाही. आपला बहुतेक मराठवाडा ज्या काळ्या पाषाणावर बसलाय तो साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या आसपास लाव्हाचे थर एकावर एक साचून झालेला. विहीर खणताना गावोगावी लागतो तोच हा दगड. कारागिरांनी डोंगरात तीन बाजूंनी चर खणून मधला ठोकळा मोकळा केला आणि मंदिर शिखरापासून खाली कोरत आणलं. पाया सगळ्यात शेवटी. मागच्या कड्यावर छिन्नीचे ओरखडे आजही दिसतात. ओंकारनं विचारलं, “काका, मध्येच चुकलं असतं तर?” काका म्हणाले, “दगड परत लावता येत न्हाई लेकरा. म्हणून आधी डोक्यात समदं मंदिर पायजे.” कथा अशी सांगतात की राणीनं शिखर दिसल्याशिवाय जेवणार नाही असा नवस केला, आणि पैठणच्या कोकसानं वरून कोरायला घेऊन तिला लवकर शिखर दाखवलं. मला ती कथा आवडते, कारण तिच्यात पैठणचा कारागीर आहे, राजाबरोबर त्याचंही नाव राहिलंय.

आत शिरताच समोर कमळांच्या तळ्यात गजलक्ष्मी. लोक तिथून सरळ अंगणात पळतात. काकांनी आम्हाला आधी उत्तरेच्या भिंतीकडे नेलं. तिथं गंगा, यमुना, सरस्वती अशा तीन नद्यांचं देवघर आहे. आईनं हात जोडले आणि विचारलं, “गोदावरी कुठंय?” तिचं माहेर गंगाखेडचं, तिला गंगा म्हणजे गोदावरीच. काका हसून म्हणाले, “माय, हितं तिघीच.” आईला ते पटलं नाही. मंदिर गोदावरीच्या मुलखात आणि गोदावरीच नाही! तिनं तिच्या नावानं चौथा नमस्कार केला.

दक्षिणेच्या बाजूला रावणाचं शिल्प आहे. ते बघायला पायांवर बसावं लागतं. रावण खाली पोकळीत, अनेक हातांनी कैलास उचलून हलवतोय. शिल्पकारानं त्याला भिंतीपासून जवळजवळ मोकळाच केलाय, त्यामुळं त्याच्याभोवती खरा अंधार साचतो. वर पार्वती दचकून शंकराच्या दंडाला धरते, मागं एक दासी पळत सुटलीय. आणि शंकर? तो निवांत बसलाय. पायाचा अंगठा तेवढा दाबतोय. एवढ्या मोठ्या डोंगरात सगळी हालचाल त्या एका अंगठ्यानं थांबते. काकांनी यावर काहीच भाषण केलं नाही. “अंगठा बघा,” एवढंच म्हणाले आणि बाजूला झाले. चांगला गाईड कधी गप्प बसतो यावरून ओळखावा असं मला तेव्हापासून वाटतं.

ओंकारला ते डोंगराच्या कडेच्या वाटेनं वर घेऊन गेले, शिखर वरून दाखवायला. आई आणि मी सावलीत बसून धपाटे आणि दही खाल्लं, अर्थात लेण्यांच्या बाहेर, बागेत. आत खाऊ नये. माकडं असतात, पिशवी मांडीतच ठेवावी.

बारावं, तीन ताल, बाहेरून अगदी साधं दिसतं, म्हणून लोक पुढं जातात. वरच्या मजल्यावर दोन बाजूंना सात-सात बुद्ध ओळीनं बसलेत. आई खालीच थांबली, आम्ही चढलो. तिथली रुंदी आणि ओळीतली शांत शिस्त फोटोत येत नाही.

दहाव्या लेण्यात आलो तेव्हा चार वाजून गेले होते. याला सुताराची झोपडी म्हणतात, कारण छताला लाकडी वासे असावेत तशा दगडाच्या फासळ्या कोरल्यात. दगडात कोरताना त्या फासळ्यांचा भार पेलण्यासाठी काहीच उपयोग नाही. लाकडाच्या चैत्यांची, म्हणजे बौद्ध प्रार्थनागृहांची, सवय होती, म्हणून पाषाणातही त्या ठेवल्या. स्तूपापुढं पाय खाली सोडून बसलेला, उपदेश करणारा बुद्ध. वरच्या गवाक्षातून उजेड खांबांवरून आत येत होता. मार्चच्या सुमारास काही दिवस हे किरण थेट बुद्धाच्या चेहऱ्यावर पोचतात, तेव्हा खास त्यासाठी लोक येतात.

जालन्याकडचं एक कुटुंब आत होतं. पांढऱ्या साडीतल्या आजीबाईंनी ‘बुद्धं सरणं गच्छामि’ म्हणायला सुरुवात केली. त्या कमानदार छतात आवाज विरतच नाही, पहिली ओळ संपायच्या आत दुसरी तिच्यावर येऊन बसते. बाकीचे सगळे, आम्हीसुद्धा, त्यांच्यासोबत म्हणायला लागलो. मग आई आणि त्या आजीबाई एका खांबाशी टेकून गुडघ्यांच्या औषधांबद्दल बोलत बसल्या.

बाहेर सीताफळांच्या पाट्या घेऊन बायका बसल्या होत्या. या भागातली सीताफळं दिवाळीला घ्यायचीच. परतीच्या एसटीला गर्दी होती, पण आईला जागा मिळाली.

आता घरच्या ग्रुपवर अजिंठ्याचं चाललंय. दादा स्वतःच म्हणाला, ट्रॅव्हल्स नको. शहरापासून ते शंभर किलोमीटरवर, म्हणून मुक्काम फर्दापूरला करावा असं माझं मत आहे. तिथं चित्रं असल्यानं उजेडाचा हिशोब वेगळा आहे, आणि फ्लॅश चालत नाही. सुट्टीचा वार सोमवार, वेरूळचा मंगळवार, यात गल्लत करू नका. कुणाला अजिंठ्याचा असाच, म्हाताऱ्या माणसासोबत सावकाश चालणारा गाईड माहीत असेल तर खाली जरूर सांगा.