ईसीजी लॅमिनेट करू नका बाप्पा

नागपूरला कॅथ लॅबमधे, म्हणजे जिथं अँजिओग्राफी करतात त्या खोलीत, होते तोवर नातेवाईकांना सांगणं सोपं होतं, अँजिओग्राफी चालू असताना बीपी आणि ईसीजीच्या स्क्रीनवर डोळे लावून जी बसते ती मी. आता यवतमाळ जिल्ह्यात तालुक्याच्या गावी आले तर इथं कॅथ लॅब नाही, एक ईसीजी मशीन आहे, एक मॉनिटर आहे आणि माझं नाव पडलंय मशीनवाली ताई. चालतंय.

पेशंट टेबलावर झोपला की पहिला प्रश्न ठरलेला, "ताई, करंट त नाही ना लागत?" नाही लागत हो काका, मशीन तुम्हाला काही देत नाही, तुमच्या हृदयातला जो बारीकसा करंट असतो तो फक्त टिपून घेते. वायरी दहा आणि लीड, म्हणजे हृदयाकडं बघायचे कोन, बारा, हे गणित शिकाऊ पोरांना समजवायला वेळ लागतो. हातापायाचे चिमटे कोणीही लावेल, लाल उजव्या हाताला, पिवळा डाव्या, हिरवा डाव्या पायाला, काळा उजव्या. खरं काम छातीवर आहे. गळ्याखालून बोट फिरवत आलं की छातीच्या मधल्या हाडावर एक उंचवटा लागतो, त्याच्या बाजूला दुसरी फासळी, तिथून खाली मोजत फासळ्यांमधली चौथी फट गाठायची आणि व्ही वन, व्ही टू, म्हणजे छातीच्या पहिल्या दोन वायरी, तिथं. घाईत लोक फासळ्या मोजतच नाहीत, अंदाजानं वर चिकटवून देतात, मग ग्राफ भलतंच काही दाखवतो आणि पेशंटला उगाच टेन्शन. बायांचं तर अजून अवघड, पदर सरकवायला लाजतात, आजी तर माझ्यासमोरही लाजतात, म्हणून आधी पडदा ओढायचा, नवऱ्याला बाहेर बसवायचं, मग बाकीचं.

आणि मे महिना! पारा ४५ च्या पुढं, माणूस शेतातून थेट आलेला, घामानं इलेक्ट्रोड टिकतच नाही, आधी पुसा, मग स्पिरिट, मग जेल. त्यात बाजूला कूलर घरघरत असतो, वायरिंगला अर्थिंगचा पत्ता नाही, की ईसीजीच्या कागदी पट्टीवर सरळ रेषेऐवजी करवतीचे दात उमटतात. मिनिटभर कूलर बंद केला तर सगळे नातेवाईक माझ्याकडं असे बघतात की जणू मी त्यांचा सातबारा मागितला.

सगळ्यात जास्त पेशंट गॅसवाले. "मले काही नाही झालं ताई, गॅस झाला, हे पोट्टं जबरदस्ती घेऊन आलं." लिंबू सोडा झालेला असतो, ईनो झालेला असतो, कोणी ओवा खाऊन आलेलं असतं. आता गंमत अशी की हृदयाच्या खालच्या भिंतीचा अटॅक असला तर दुखणं खरंच पोटाच्या वरच्या भागात असू शकतं, मळमळ, उलटी, घाम, सगळं गॅससारखंच, आणि पट्टीत लीड टू, थ्री आणि एव्हीएफमधे रेषा वर उचललेली दिसते. अशा वेळी हृदयाच्या उजव्या बाजूलाही फटका बसला का हे बघायला मी न सांगता एक वायर उजव्या छातीवर लावून अजून एक पट्टी काढते, डॉक्टर ती मागणारच असतात. आणि हो, पहिला ईसीजी नॉर्मल आला म्हणजे सुटलो असं नाही. दुखणं थांबलं नसेल तर पंधरा-वीस मिनिटांनी परत काढावा लागतो. यावर भांडणं होतात, "एकाचे पैसे घेतले, आता दुसरा काहून?"

फवारणीच्या सीझनमधे वेगळेच ईसीजी येतात. २०१७ मधे यवतमाळात फवारणीच्या विषबाधेनं जे झालं ते सगळ्यांना आठवते. ही फवारणीची औषधं अंगात गेली की ठोके मंदावू शकतात, पट्टीत क्यूटीचं अंतर, म्हणजे एका ठोक्यात हृदयाचा करंट सुरू होऊन शांत होईपर्यंतचा वेळ, लांबू शकतं, म्हणून त्या पेशंटची पट्टी परत परत काढायची.

आता मुख्य मुद्दा. जुना ईसीजी. मागच्या आठवड्यात एक काका आले, छातीत दुखून राहिलं म्हणून. पट्टीत डाव्या बंडलचा ब्लॉक, म्हणजे हृदयात डावीकडं करंट नेणाऱ्या वाटेतच अडथळा. हा ब्लॉक असला की अटॅक आहे की नाही हे नुसत्या पट्टीवरून ओळखणं कठीण जाते, आणि तो आज नवीन झाला की वर्षानुवर्षं आहे यावर पुढचं बरंच ठरते. रक्ताची गाठ विरघळवायचं इंजेक्शन इथंच देऊन १०८ नं पाठवायचं की आधी रक्ताची तपासणी बघायची, सगळं. विचारलं, जुना ईसीजी आहे का? लेक खुश, "आहे ना ताई, जपून ठेवला," आणि गाडीच्या डिक्कीतून फाईल आणली. त्यात कडक लॅमिनेट केलेला कागद, या टोकापासून त्या टोकापर्यंत काळाकुट्ट.

ईसीजीचा कागद थर्मल असतो, एटीएमच्या पावतीसारखा. त्याच्यावर शाई नसतेच, गरम टोकानं कागदच काळा होतो. लॅमिनेशनच्या गरम रोलरमधून गेला की संपला. प्लास्टिकच्या फाईलमधे ठेवला तर हळूहळू पुसट होते, उन्हात तापलेल्या डिक्कीत तर विचारूच नका. काकांचं नशीब की डिस्चार्ज कार्डवर तो ब्लॉक लिहिलेला होता, साध्या पेननं.

त्या दिवशी संध्याकाळी मी समोरच्या झेरॉक्सवाल्या भाऊकडे गेले. सांगितलं, कोणी ईसीजी आणला तर लॅमिनेट करू नको, दोन झेरॉक्स काढून दे, वर तारीख लिहायला लाव, आणि मोबाईलमधे सपाट ठेवून एक फोटो घ्यायला सांग. तो म्हणे, "ताई, झेरॉक्सचे मले दोन-दोन रुपये भेटते, लॅमिनेशनचे तीस." मग मीच काचेवर पाटी लावून आले.