चौथ्या मजल्यावरची जुई आणि आमची जुई

मुलगी झाली तर जुई, हे माझं सातव्या महिन्यातच ठरलेलं होतं, आणि आमच्याच बिल्डिंगमधे चौथ्या मजल्यावरच्या काकूंच्या कुत्रीचं नाव जुई आहे हेही मला माहितीच होतं, म्हणजे नंतर कळलं आणि पंचाईत झाली असं काही नाही. रोज सकाळी लिफ्टमधे भेटते ती. पांढरी, गावठी, एक कान उभा एक पडलेला. पोट दिसायला लागल्यापासून ती माझ्या पायाशी यायची आणि नाक लावून शांत उभी राहायची, उडी नाही, काही नाही, ठाण्यातल्या आमच्या पाचपाखाडीतल्या त्या डुगडुगत्या लिफ्टमधे आम्ही दोघी तिघी अशा रोज खाली जायचो.

तरी जुलैमधे मुलगी झाली आणि मी नाव सांगितलं तेव्हा घरात जे झालं त्याची तयारी नव्हती माझी. सासूबाई म्हणाल्या, "अगं पण ते कुत्रीचं नाव आहे ना? माझ्या नातीला कुत्रीचं नाव?" मी म्हटलं, आई, ते फुलाचं नाव आहे. त्या म्हणाल्या, "फुलाचं असेल गं, पण या बिल्डिंगमधे ते कुत्रीचंच आहे." आणि खरं सांगते, त्यांचं म्हणणं मला चुकीचं नाही वाटलं. नाव डिक्शनरीत काय आहे याला फार अर्थ नसतो, आपल्या आसपास ते कोण वापरतंय यानेच त्याचा वास ठरतो.

दुसरीकडे पत्रिकेचा प्रश्न. नक्षत्र निघालं श्रवण, त्याची अक्षरं खी, खू, खे, खो. ज्यांच्या घरी श्रवण नक्षत्रावर बाळ झालंय त्यांना विचारा काय अवस्था होते ते. ख्याती पण चालेल म्हणे, नाहीतर फिरून फिरून खुशी. आणि खुशी म्हणजे वाशीच्या माझ्या चुलत सासूबाईंची पॉमेरियन! तेव्हा पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं की हा प्रश्न फक्त जुईचा नाहीये, आता कुठलंही दोन तीन अक्षरी गोड नाव घ्या, ते कुणाच्या तरी घरी शेपटी हलवत असतं. मायरा, मिष्टी, माही, कियारा, झोया, चेरी, रिओ. मैत्रिणीबरोबर तिच्या मांजरीला घेऊन डॉक्टरांकडे गेले होते तेव्हा बघितलं, तिथे फाइलवर प्राण्याच्या नावापुढे घरच्यांचं आडनाव लावतात, आणि कंपाउंडरने हाक मारली "मीरा जोशी", मी आपली बघतेय कोण बाई उठतेय, तर एका आजोबांच्या मांडीवरनं एक डॅशहुंड उतरली. आजोबा तिला म्हणाले, "चल बाळा, आपला नंबर आला." ते बाळा इतकं मनापासनं होतं ना, की माझ्या पोटात आत काहीतरी हललं, तेव्हा तिसरा महिना असेल मला.

हे का होतंय यावर मी बाळंतपणात रात्री रात्री जागताना खूप विचार केला. एक कारण साधं आहे, हाकेचं. कुत्र्यांना शिकवणारे लोक सांगतात नाव एक दोन अक्षरी ठेवा, स्पष्ट ऐकू जाईल असं, आणि बस, ये, नको या शब्दांसारखं वाटणार नाही असं. आता आपली घरची नावं बघा, सोनू, चिंटू, बबलू, पिंकी, मनी, बाळू, छकुली. हीसुद्धा हाकेसाठीच झालेली आहेत, वाड्याच्या या टोकाकडनं त्या टोकाला पोचायला. पूर्वी फरक इतकाच होता की मुलांना दोन दोन तीन तीन नावं असायची, पत्रिकेतलं वेगळं, शाळेतलं वेगळं, घरातलं वेगळं, त्यामुळे कागदावर असायचं पुरुषोत्तम किंवा मंदाकिनी आणि घरात बंडू, आणि बंडू नावाचं मांजर असलं तरी कुणाचं काही बिघडत नव्हतं. आता आपण घरचं नावच कागदावर लिहायला लागलोय. आणि उलट बाजूने प्राणी घरात आले, गोठ्यातनं, अंगणातनं थेट सोफ्यावर. पूर्वी अंगणातला तो मोती, खंड्या, वाघ्या, टॉमी. आता सोफ्यावरच्याला पोरासारखं वाढवतात तर नावही पोराचंच ठेवणार ना.

आणि हे फक्त आपल्याकडे नाही. अमेरिकेत सरकारचं सोशल सिक्युरिटी खातं दर वर्षी बाळांच्या नावांची यादी काढतं, त्यात 2022 साली लूना हे मुलींमधे दहाव्या नंबरवर होतं, आणि तिकडे कुत्र्यामांजरांत पण लूना, बेला ही नावं अगदी वरची. म्हणजे तिकडच्या आयांनाही बागेत लूना म्हणून हाक मारल्यावर दोन्हीकडनं कुणीतरी धावत येत असणार.

पण कारणं समजली म्हणून सासूबाईंना पटतं का. त्यांची भीती वेगळी होती, ती त्यांनी एकदा मालीश करताना सांगितली. म्हणाल्या, "शाळेत चिडवतील गं तिला. पोरं फार वाईट असतात." आणि त्यांच्या लहानपणीच्या वर्गातल्या एका मुलाचं सांगितलं, त्याचं नाव दगडू. त्याच्या आधीची दोन मुलं गेली होती, म्हणून याला नजर लागू नये, देवाने पण याच्याकडे बघू नये म्हणून आईने दगडू ठेवलं. धोंडू, कचरू, भिकू ही सगळी त्यातलीच. मुलं चिडवायची त्याला. हे सांगताना सासूबाईंचे हात थांबले होते, तेलाचा हात बाळाच्या छातीवर तसाच. मला तेव्हा वाटलं की बघा, त्या आईने जगातलं सगळ्यात टाकाऊ नाव सगळ्यात जास्त प्रेमापोटी दिलं. आणि धोंडो नाव घेऊन महर्षी कर्व्यांनी काय काय केलं, 1958 ला भारतरत्न मिळालं त्यांना, आज ते नाव ऐकून कुणाला दगड आठवतो का? जेजुरीला तर वाघ्या म्हणजे खंडोबाचा कुत्रा पण आणि खंडोबाला वाहिलेला भक्त पण, आणि तो भक्त ते नाव मानाने मिरवतो.

मग मी त्यांना माझ्या आजोळची गोष्ट सांगितली, जी मी आधी नवऱ्यालाही कधी नीट सांगितली नव्हती. चिपळूणजवळ आहे आजोळ. माझी धाकटी मावशी सुमन, घरात सुमी. ती लग्न होऊन गेली आणि पुढच्याच महिन्यात गोठ्यात कालवड झाली, तिचं नाव आजोबांनी सुमी ठेवलं. आजी म्हणे रागावली होती, लेकीचं नाव गाईला काय देता. आजोबा काही बोलले नाहीत, आजोबा एकूणच कमी बोलायचे. पण रोज संध्याकाळी गुरं परत यायच्या वेळेला ते बेड्यापाशी, म्हणजे कुंपणाच्या फाटकापाशी उभं राहून सुमीऽऽ म्हणून हाक मारायचे. मी लहान असताना ऐकलीय ती हाक, शेवटचा ई लांबवलेला, आणि मग वरच्या वाटेने तांबूस गाय गळ्यातली घंटा वाजवत यायची. मावशी माहेरपणाला आली की दोघी यायच्या त्या हाकेला, मावशी मागच्या दारातनं आणि गाय वाटेने. मावशीला कधी विचारलं मी, तुला राग नाही का आला? ती म्हणाली, "राग कसला, मी गेल्यावर पण माझं नाव घरात रोज घेतलं जात होतं."

सासूबाईंनी ऐकून घेतलं आणि बाळाला पालथं केलं आणि पाठीला तेल लावायला घेतलं. दोन दिवस काहीच बोलल्या नाहीत. जुईचा वेल पण आजोळचाच, विहिरीच्या कठड्यावर चढवलेला. आषाढ श्रावणात संध्याकाळी कळ्या उमलायच्या आधी आजी त्या काढायची आणि ओल्या फडक्यात ठेवायची, रात्री फडकं उघडलं की वास. मोगऱ्यासारखा अंगावर येणारा नाही, जवळ जावं लागतं.

तिसऱ्या दिवशी मी बाळाला घेऊन चौथ्या मजल्यावर गेले, कारण मला वाटलं की इतक्या लोकांना विचारलं पण ज्यांच्याकडे ते नाव आधीपासून आहे त्यांना कुठे विचारलं. काकू आधी घाबरल्याच, त्यांना वाटलं जुईच्या भुंकण्याची तक्रार घेऊन आले. मी सांगितल्यावर त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि बसल्या. मग सांगायला लागल्या, 2019 च्या जूनमधे पहिला मोठा पाऊस झाला तेव्हा पंपाच्या खोलीत पाणी भरलं आणि वॉचमनने एक पिल्लू बाहेर काढलं, बाकीची तीन गेली होती. ओंजळीत मावेल एवढं, पांढरं. काकूंच्या सासूबाई तेव्हा अंथरुणाला खिळलेल्या, त्यांच्या उशाशी टॉवेलमधे ठेवलं त्याला, तर त्या म्हणाल्या जुईची कळी आहे गं ही. पुढे चार महिन्यांनी त्या गेल्या. "त्यांनी ठेवलेलं शेवटचं नाव ते," काकू म्हणाल्या, आणि मग एकदम काळजीने, "पण तुम्हाला लोक बोलतील हो, मी आमच्या हिला जुईली म्हणायला लागू का?" मला इतकं भरून आलं ना. मी म्हटलं काकू अजिबात नाही, सहा वर्षं ती त्या नावाला धावत येतेय, तिचं नाव का बदलायचं. खाली जुई माझ्या बाळाच्या लोंबत्या पायाचा वास घेत होती, आणि तोच तो पडलेला कान.

आता कुणी म्हणेल की मग काहीही ठेवा, काय फरक पडतो. नाही, पडतो. ज्या घरात कुत्र्याला दिवसभर बाल्कनीत बांधून ठेवतात आणि नाव घेतात ते फक्त ओरडायला, त्या नावाने मी माझ्या मुलीला हाक मारू शकले नसते. आमच्या मागच्या बिल्डिंगमधे आहे असं एक, नाव लिहीत नाही, छान नाव आहे खरं तर, पण ते ऐकलं की माझे खांदे आपोआप आखडतात. जुई हे नाव मी सहा वर्षं फक्त लाडाने घेतलेलं ऐकलंय. नाव ठरवताना तुम्हीपण हे एकदा बघा, ते नाव तुम्ही कुठल्या आवाजात ऐकलंय. आणि एकदा गॅलरीत उभं राहून त्या नावाने मोठ्यांदा हाक मारून बघा. आमच्याकडे मिश्र सोसायटी आहे, अर्धे लोक जुई म्हणताना 'जीवन' मधला ज म्हणतात, 'जवळ' मधला नाही, तर तेही सवयीचं करून घ्यायला लागतं. कुत्री दोन्हीला ओ देते.

घाई मात्र करू नका. जन्माची नोंद 21 दिवसांत व्हायला लागते पण त्यात बाळाचं नाव तेव्हाच असलं पाहिजे असं नाही, आम्ही रकाना रिकामाच ठेवला होता. वर्षाच्या आत नाव फुकट घालता येतं, त्यानंतर लेट फी भरून पंधरा वर्षांपर्यंत. पण एकदा घातलं की ते पक्कं धरा, कारण 1 ऑक्टोबर 2023 ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना शाळा, पासपोर्ट, आधार, लायसन्स सगळीकडे जन्माचा पुरावा म्हणून तोच दाखला लागणार आहे. म्हणजे लाडाचं एक लिहू आणि नंतर बघू असं आता जमत नाही.

बारसं सव्वा महिन्याने केलं, ऑगस्टच्या शेवटी. घुगऱ्या सासूबाईंनीच केल्या. गोविंद घ्या गोपाळ घ्या झालं, मग ताई, म्हणजे माझी नणंद, पाळण्यावर वाकली, आम्ही सगळ्या तिच्या पाठीत धपाटे घालायला तयार. तिने पत्रिकेतलं ख्याती सांगितलं कानात, कुर्रर्र केलं, मग दुसरं नाव सांगायच्या आधी तिने सासूबाईंकडे बघितलं. सासूबाई म्हणाल्या, "सांग की. जुई सांग." काकूंनी जांभळी नाक्यावरनं जुईचा गजरा आणला होता, तो पाळण्याच्या दांडीला बांधला, आणि जुईला दाराबाहेर बसवलं होतं, लोकांची अडचण नको म्हणून. नाव मोठ्यांदा घेतल्याबरोबर ती आत आली. सरळ पाळण्यापर्यंत. कुणी हटकलं नाही तिला, सासूबाईंनी वाटीतल्या चार घुगऱ्या तिच्यापुढे ठेवल्या.

आता आठवा महिना लागलाय बाळाला. काकू संध्याकाळी खाली फिरायला नेताना जिन्यात हाक मारतात, तेव्हा ही मांडीवरनं मान वळवून दाराकडे बघते. आणि मी घरात हिला हाक मारली की वरनं नखांचा टकटक आवाज येतो, मग थांबतो. काकू सांगत होत्या, ती दारापर्यंत येते, ऐकते, आणि आपली हाक नाही हे कळून परत जाऊन झोपते.